सत्काराचा रविवार

आमच्या धायरीत पोरगं दहावी पास झालं तरी फ्लेक्स लागतो आणि नापास होऊन नवी गाडी घेतली तरी लागतो. गाडीचा जरा मोठा असतो. मी दर वर्षी त्याविरुद्ध महापालिकेला अर्ज लिहायचे. मग एके दिवशी चौकातल्या फ्लेक्सवर माझाच फोटो लागला आणि मी अर्ज लिहायचे बंद केले. ही गोष्ट समर्थची आहे, पण त्या फ्लेक्सवाचून ती मला सांगता येत नाही.

मी मंदाकिनी. चौतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवलं. पी.टी.च्या बाईला शाळेत काय मान असतो ते मला विचारा. गणिताच्या बाई रिटायर झाल्या तेव्हा हॉलमध्ये समारंभ झाला, माजी विद्यार्थ्यांची भाषणं झाली, एक डॉक्टर तर रडला. माझ्या वेळी स्टाफरूममध्ये वडापाव आले आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते घड्याळ पाच मिनिटं मागे पडतं. मी स्वतः राज्याच्या संघातून तीन वेळा बास्केटबॉल खेळले आहे. लग्न झाल्यावर ट्रंकेतली पदकं बघून सासूबाईंनी एवढंच विचारलं होतं, की एवढ्या उड्या मारून मिळतं काय. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

रिटायर झाल्यावर मी घरी बसले नाही. शाळेमागचं सिमेंटचं कोर्ट संध्याकाळी रिकामं असायचं. तिथे मी फुकट शिकवायला लागले. समर्थ मात्र त्याच्या आधीपासूनचा, शाळेतला. अकरा वर्षांचा असताना शिक्षा म्हणून त्याला माझ्याकडे पाठवलं होतं. का, तर वर्गाच्या खिडकीतून बाहेर उडी मारली म्हणून. मी त्याला म्हटलं, मार बघू परत. त्याने मारली. खिडकी माझ्या खांद्याएवढी उंच होती, पण पोरगं खाली आलं तेव्हा आवाजच झाला नाही. मांजर कट्ट्यावरून उतरतं ना, तसं. मी चौतीस वर्षांत हजारो पोरं उड्या मारताना बघितली. सगळी धप्पकन पडतात. न वाजता उतरणारा हा एकच.

त्याचे वडील संपतराव. कालव्याच्या कडेला त्यांची शेती होती, तिथे आता इमारती आहेत आणि त्यामागे भाड्याच्या खोल्यांच्या दोन चाळी. लातूर-बीडकडची, कंपनीत कामाला आलेली माणसं तिथे राहतात. माणूस वाईट नाही, पण पोराने कशासाठी घाम गाळायचा हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मी एकदा सांगायला गेले, की समर्थला पुढे बास्केटबॉलमध्ये नोकरी मिळेल, पैसे मिळतील. ते हसले आणि म्हणाले, “बाई, कुणाची चाकरी करायची गरज हाय का त्याला?” वर मला चहा पाजला आणि निघताना घरची तुरीची डाळ दिली. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

तरी समर्थ खेळला. दहा वर्षं पहाटे साडेपाचला कोर्टवर. वयाच्या एकविसाव्या वर्षी सहा फूट पाच इंच. डावखुरा. समोरच्याच्या डोळ्यांत बघत बॉल भलतीकडेच द्यायचा आणि तिथे बरोब्बर आपलं पोरगं उभं असायचं. मला मात्र असं कधी फसवायचा नाही, माझ्या शिट्टीला तो फार घाबरायचा. मी त्याला कधी शाब्बास म्हटलं नाही. माझ्या स्वभावात नाही ते. चांगला खेळला की मी म्हणायचे, “बरं झालं, आता परत कर.”

तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका स्पर्धेत कोइम्बतूरच्या क्लबच्या माणसांनी त्याला पाहिलं. व्यावसायिक लीग सुरू होत होती. दोन वर्षांचा करार, राहणं-खाणं, पगार, पुढे परदेशी संघांविरुद्ध सामने. बोलावणं आलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: पंधरा जणांना बोलावलं आहे, बारा घेणार. सोमवारी सकाळी आठ वाजता हजर व्हायचं. आधी डॉक्टर तपासणार, मग पळण्याची चाचणी. जो वेळेवर येणार नाही त्याच्या जागी राखीव यादीतला मुलगा. हातात तीन आठवडे होते. मी ते पत्र माझ्या फ्रिजवर लावलं आणि येता-जाता वाचलं. खोटं कशाला बोलू, एकदा रडलेसुद्धा.

आणि मग सत्कार सुरू झाले.

पहिला तालमीत. दुसरा भावकीतल्या कुणाच्या नव्या हॉटेलात. तिसरा भजनी मंडळाचा, त्यांना बास्केटबॉल म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण त्यांनी मनापासून केला. चौथा सोसायटीचा. प्रत्येक ठिकाणी फेटा, शाल, नारळ आणि नंतर जेवण. जेवण म्हणजे मटण. समर्थ रात्री उशिरा घरी जायचा आणि पहाटे यायचा नाही. आला तर डोळे सुजलेले. मी बोलले त्याला, चांगली कडक बोलले. तो मान खाली घालून म्हणाला, “बाई, नाही कसं म्हणणार? घरची माणसं आहेत सगळी.” आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडतही होतं. ज्या पोराला दहा वर्षांत कुणी शाब्बास म्हटलं नाही, त्याला गाव डोक्यावर घेऊन नाचत होतं. आवडणारच की.

आमच्याकडे एक चाचणी असते. वीस मीटरवर दोन रेषा, रेकॉर्डवरच्या आवाजाच्या तालावर या रेषेकडून त्या रेषेकडे पळायचं. आवाज लवकर लवकर यायला लागतो, पाय पुरत नाहीत तिथे थांबायचं. समर्थ तेराव्या टप्प्यापर्यंत सहज जायचा. जायच्या आधीच्या मंगळवारी मी घेतली, तर दहाव्याला वाकून गुडघे धरून उभा राहिला. मी म्हटलं, सत्कार बंद. आजपासून एकही नाही. तो हो म्हणाला.

त्याच संध्याकाळी दत्तप्रसाद माझ्या घरी आला. समर्थचा चुलतभाऊ, मंडळाचा अध्यक्ष, गळ्यात साखळी, तोंडात सारखं ‘आपलं ठरलंय’. मी दारातच त्याला सुनवायला तोंड उघडलं, तर हा वाकून पाया पडला आणि म्हणाला, शनिवारी गावाचा मोठा कार्यक्रम आहे, साहेब येणार आहेत, आणि या वेळी आधी सत्कार तुमचा आहे बाई. गुरूचा आधी. मग शिष्याचा.

मी तोंड मिटलं.

शुक्रवारी चौकात फ्लेक्स लागला. एका बाजूला समर्थ, दुसऱ्या बाजूला मी, खाली ‘गुरुवर्या’. फोटो कुठून मिळवला देव जाणे, तरुणपणचा होता, राज्याच्या संघाच्या वेळचा. मी भाजी आणायच्या निमित्ताने चौकातून तीनदा गेले. मेथी दोनदा आणली. कपाटातली नारायणपेठ बाहेर काढली आणि दंडात ब्लाउज सैल करून घेतला. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी हे करताना मला लाज वाटली नाही, उलट छान वाटलं.

शनिवारी साहेबांचा निरोप आला, अडकलो आहे, उद्या सकाळी अकराला येतो. समर्थचं विमान रविवारी दुपारी दोनचं होतं, बेंगळुरूला बदलून रात्री कोइम्बतूर. धायरीतून लोहगावच्या विमानतळावर जायला सव्वा तास. म्हणजे साडेअकराला, फार तर पावणेबाराला उठायलाच हवं होतं. दत्तप्रसाद म्हणाला, अकरा म्हणजे अकरा. आपलं ठरलंय.

रविवारी अकरा वाजले. मांडव भरला होता, स्पीकर किंचाळत होता. साहेब नव्हते. साडेअकरा वाजले, सनईची कॅसेट परत पहिल्यापासून लागली. स्टेजवर मी मधल्या खुर्चीत, समर्थ माझ्या शेजारी, डोक्याला भगवा फेटा, पायाशी त्याची खेळाची बॅग. माईकवरचा माणूस दर पाच मिनिटांनी सांगत होता, साहेब निघाले आहेत. बारा वाजायला वीस मिनिटं कमी असताना समर्थ माझ्याकडे वाकला. त्याच्या कपाळावर फेट्याखालून घाम येत होता.

“बाई, निघू का? आत्ता निघालो तर मिळेल फ्लाइट.”

तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत आले आहे, की मी त्याला जा म्हणाले होते. शाळेत सांगितलं, सोसायटीत सांगितलं, माझ्या बहिणीला फोनवर रडत रडत सांगितलं. मी जा म्हणाले, पोराने ऐकलं नाही, गावाच्या नादी लागलं. सांगून सांगून माझंच मला खरं वाटायला लागलं होतं.

मी जा म्हणाले नाही. मी समोर बघितलं. पहिल्या रांगेत शाळेच्या गणिताच्या बाई बसल्या होत्या, दत्तप्रसादने त्यांनाही बोलावलं होतं. टेबलावर शाली ठेवल्या होत्या, वरची माझी. हा उठून गेला असता तर कार्यक्रमच मोडला असता. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, “थांब रे दहा मिनिटं. आलेच असतील.”

तो थांबला. माझं त्याने कधी मोडलं नव्हतं.

साहेब पावणेदोनला आले. पाच मिनिटं बोलले, त्यातली तीन रस्तारुंदीकरणावर. समर्थचं नाव त्यांनी कागदात बघून घेतलं. माझ्या खांद्यावर शाल टाकताना ते फोटोवाल्याकडे बघत होते. टाळ्या वाजल्या. गणिताच्या बाईंनीही वाजवल्या. मी जन्मभर ज्याची वाट बघितली ते एवढंसंच होतं, अर्ध्या मिनिटाचं.

विमान तर गेलंच होतं. संध्याकाळच्या विमानात जागा नव्हती. दत्तप्रसाद म्हणाला, विमान कशाला पाहिजे, आपली गाडी हाय की, दाराशी सोडतो. संपतरावांनीही मान हलवली. जाताना गाडीला हार घातला, चार पोरं सोबत बसली. एवढ्या लांबच्या रस्त्यावर सहा फूट पाच इंचांचा मुलगा मागच्या सीटवर गुडघे मुडपून बसला. वाटेत ही पोरं दोनदा जेवायला थांबली, फोटो काढले, टाकले. मी ते फोनवर बघत होते. सोमवारी आठ वाजता ते अजून कर्नाटकातच होते.

एक वाजता पोचले. त्याची जागा दहा वाजताच राखीव यादीतल्या मुलाला देऊन झाली होती. तिथला कोच भला माणूस असावा, म्हणाला, इतक्या लांबून आलास, पळून दाखव, मग बघू. समर्थ पळाला. आखडलेले पाय, तीन आठवड्यांचं मटण. आठव्या टप्प्याला बसला. कोचने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या वर्षी ये म्हणून सांगितलं.

पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही, आणि आलं असतं तरी तो गेला नसता. परत आल्यावर महिनाभर घराबाहेर पडला नाही. मग संपतरावांनी पाण्याच्या टँकरचा धंदा काढून दिला. रस्त्याकडेला पत्र्याचं ऑफिस, खुर्ची, दोन फोन. मी तिथून जाताना तो उभा राहायचा आणि म्हणायचा, “बाई, पाणी आहे ना सोसायटीत?” मी म्हणायचे, आहे. तीन वर्षांत आमचं एवढंच बोलणं. कोर्टवर तो एकदाही आला नाही. मीही ये म्हटलं नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार? शाल कपाटात तशीच घडीत आहे. पांघरवत नाही, टाकवत नाही.

या वर्षी माझ्याकडची तनुजा निवडली गेली. तिचे वडील उत्तरेश्वर, लातूरकडचे, कंपनीत रात्रपाळी करतात, संपतरावांच्याच चाळीत दोन खोल्यांत राहतात. पोरगी वाघीण आहे. चेन्नईच्या क्लबने तिला चाचणीला बोलावलं. जायचा दिवस रविवार, सकाळी साडेदहाची गाडी. आणि शुक्रवारी उत्तरेश्वर कोमेजलेल्या तोंडाने माझ्याकडे आला. दत्तप्रसादने रविवारी नऊला सत्कार ठेवला होता. साहेब येणार होते. उत्तरेश्वर म्हणाला, भाडेकरू माणूस मी बाई, घरमालकाच्या पुतण्याला नाही कसं म्हणू?

मला काय करावं ते सुचेना. दत्तप्रसादला बोलायला गेले असते तर त्याने विचारलं असतं, मग मागच्या वेळी का नाही बोललात? म्हणून मी शेवटी जिथे कधी पाय ठेवला नव्हता त्या पत्र्याच्या ऑफिसात गेले. समर्थ उभा राहिला. त्याने सवयीने पाण्याचं विचारलं. मी तनुजाचं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, रविवारी सातला तयार राहा.

रविवारी सातला तो स्वतः गाडी घेऊन चाळीत आला. मांडववाले खांब रोवत होते. दत्तप्रसाद धावत आला आणि काय चाललंय म्हणाला. समर्थने तनुजाची बॅग डिकीत ठेवली, डिकी लावली आणि शांतपणे म्हणाला, “परत आल्यावर कर काय करायचं ते. जिंकून आली तर कर, हरून आली तरी कर.” दत्तप्रसाद बाजूला झाला. समर्थच्या आवाजात असं काही मी आधी ऐकलं नव्हतं.

आम्ही साडेआठलाच पुणे स्टेशनला पोचलो. दोन तास आधी. उत्तरेश्वरला फार हलकं वाटत होतं, तो बोलत सुटला. फलाटावर चहा पिताना त्याने भाबडेपणाने विचारलंच, की समर्थदादा, तुम्ही एवढे मोठे खेळाडू होतात म्हणतात, मग तुमचं कसं काय राहिलं?

मी कपाकडे बघत राहिले. समर्थ हसला.

“बाई मला जा जा म्हणत होत्या. मीच ऐकलं नाही. मस्ती आली होती.” मग तनुजाकडे वळून म्हणाला, “तू बाईंचं ऐकत जा.”

तनुजाने मान डोलावली. गाडी आली, ती चढली, उत्तरेश्वर तिला जागेवर बसवून तिच्याबरोबरच निघाला. खिडकीतून तिने मला हात केला. मी नेहमीसारखी शाब्बास म्हणणार नव्हते, पण म्हणाले. मोठ्याने म्हणाले. तिला गाडीच्या आवाजात ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

गाडी गेल्यावर फलाट रिकामा झाला. समर्थ चला म्हणाला. मी हलले नाही.

“समर्थ,” मी म्हणाले, “मी जा म्हणाले नव्हते. मी थांब म्हणाले होते. शाल पाहिजे होती मला.”

तो रुळांकडे वळला.

“माहिती आहे, बाई. दिसत होतं तुमच्या तोंडावर.” मग म्हणाला, “पण उठायचे पाय माझे होते ना. आणि दहाव्या टप्प्याला वाकलो होतो, तेव्हा कुठे तुम्ही थांब म्हणाला होतात? ते तर मीच केलं होतं.”

“मग तू सगळ्यांना असं का सांगतोस?”

“तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं,” तो म्हणाला. “तुम्हाला खोटं कसं पाडू?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोसलं असतं. मला हुंदका आला आणि मी भर फलाटावर रडले, एकसष्टाव्या वर्षी नारायणपेठ काढताना जी लाज वाटली नव्हती ती सगळी चौसष्टाव्या वर्षी एकदम वाटली. समर्थने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पाणी हवं का विचारलं. मी नको म्हटलं.

मग तो पुढे निघाला, मी त्याच्या मागे. पुलाचा जिना चढताना तो मध्येच एकदा थांबला, कठडा धरला, श्वास घेतला. चोवीस वर्षांचा मुलगा. पलीकडच्या बाजूने आम्ही खाली उतरायला लागलो, तेव्हा जिन्यात फारसं कुणी नव्हतं. माझ्या पुढे तो एकेक पायरी उतरत होता आणि प्रत्येक पायरीवर त्याचं पाऊल वाजत होतं.